‘सोमवारपर्यंत बंद’: एका ‘बाय’मुळे अडकलेल्या ट्रकचं प्रकरण

७ सप्टेंबर २०२४, शनिवार, गणेश चतुर्थी. कळव्याच्या एका घरात मूर्ती पाटावर बसली होती, गुरुजी यायचे होते, आणि ताईंचा फोन वाजला. भिवंडीच्या गोदामाचा वॉचमन बोलत होता. कोइमतूरहून वेट ग्राइंडर भरून आलेला ट्रक गेटसमोर उभा आहे, ड्रायव्हर कागद दाखवतोय, त्याची भाषा कळत नाही, काय करू? गोदामाला शनिवार, रविवार, सोमवार अशी तीन दिवस सुट्टी होती. माल उतरवणारी माथाडींची टोळी गावी गेली होती. किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर कोकणात. ट्रक मंगळवारी सकाळपर्यंत तिथंच उभा राहिला.

ताई वागळे इस्टेटमधल्या एका वितरक कंपनीच्या ऑफिसात डिस्पॅचचं काम बघतात. मराठी माध्यमात शिकल्या, बी.कॉम. केलं, या टेबलावर नऊ वर्षं काढली. नौपाड्यात संध्याकाळी मी इंग्रजीचा एक छोटा वर्ग घेते. या प्रकरणानंतर महिनाभराने त्या तिथे आल्या. वर्गातली तरुण मुलं त्यांना ताई म्हणू लागली, म्हणून मीही म्हणते. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि कंपनी बाजूला ठेवली आहे, बाकी काही लपवलेलं नाही.

त्या आल्या तेव्हा हॉल्टिंगच्या, म्हणजे ट्रक उभा राहिला त्या दिवसांच्या, पैशांबद्दल फारसं बोलल्या नाहीत. ते कंपनीने भरले होते. त्यांना लागलं होतं ते दुसरंच. शेठ एवढंच म्हणाले होते, “आता मेल पाठवायच्या आधी त्या नवीन मुलाला दाखवत जा.” तो मुलगा इंग्रजी माध्यमाचा, ऑफिसात लागून चार महिने झालेले. कोणत्या ट्रान्सपोर्टरचा ट्रक कुठे अडतो, पावसाळ्यात मुंब्रा बायपासला किती वेळ धरायचा, हे सगळं त्याला ताईंनीच शिकवलेलं. आणि आता ताईंचा प्रत्येक मेल त्याच्या नजरेखालून जाणार. “मॅडम, माल कसा हलतो ते मला कळतं. एवढा एक शब्द कळला नाही,” असं म्हणून त्यांनी मेलची छापील प्रत माझ्यासमोर ठेवली.

मेल ३ सप्टेंबरचा, मंगळवारचा. त्यात दोनच वाक्यं होती: “अवर भिवंडी गोडाउन विल बी क्लोज्ड बाय मंडे, नाइन्थ सप्टेंबर, ड्यू टू गणपती फेस्टिव्हल. प्लीज प्लॅन युअर डिस्पॅच अकॉर्डिंगली.”

ताईंना म्हणायचं होतं: गोदाम सोमवारपर्यंत बंद राहील. कोइमतूरच्या पार्टीने वाचलं: गोदाम सोमवारच्या आत बंद होईल. म्हणजे सोमवार उजाडेपर्यंत ते कधीतरी बंद होणार, तेव्हा त्याआधी माल पोहोचवलेला बरा. त्यांचा ट्रक खरं तर शुक्रवारी निघायचा होता. तो आला असता सोमवारच्या सुमारास, म्हणजे फार तर एक दिवस उभा राहिला असता. पण मेल वाचून त्यांनी घाई केली, बुधवारी संध्याकाळी जास्तीची माणसं लावून माल भरला आणि ट्रक दोन दिवस आधी सोडला. ताईंना मदत व्हावी म्हणून त्यांनी हे केलं होतं. “अकॉर्डिंगली” या शब्दाने हिशेब त्यांच्यावर सोपवला होता. त्यांनी तो बरोबर केला, फक्त चुकीच्या शब्दावरून.

त्या मेलमध्ये व्याकरणाची ढोबळ चूक एकही नाही. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर. कॉम्प्युटरने एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढली नाही आणि ओढण्यासारखं काही नव्हतंही, कारण “विल बी क्लोज्ड बाय मंडे” हे अगदी शुद्ध इंग्रजी वाक्य आहे. त्याचा अर्थ तेवढा वेगळा आहे. प्रिपोझिशनच्या, म्हणजे “बाय”, “टिल”, “विथ” अशा जोडणाऱ्या छोट्या शब्दांच्या, बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, “मॅरीड विथ” म्हटलं तरी लग्न कोणाशी झालं ते समजतं. पण काही चुकांमधून दुसरंच एक धडधाकट वाक्य तयार होतं आणि वाचणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही. शिकवताना या दुसऱ्या जातीच्या चुकांना आधी हात घालावा असं माझं मत आहे, आणि ते या प्रकरणामुळे पक्कं झालं.

चूक आली कुठून

मला वाटलं होतं, उत्तर सरळ आहे. मराठीत “पर्यंत” हा एकच शब्द, इंग्रजीत “बाय” आणि “टिल” असे दोन, त्यात गल्लत झाली. हिंदीच्या “तक”चंही तेच, जर्मन भाषेतल्या “बिस”चंही तेच. पण मग प्रश्न उरतो. शाळेत सगळ्यांनी “पर्यंत म्हणजे टिल” असंच पाठ केलेलं असतं. ताईंनी “टिल मंडे” लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. त्यांच्या हातून “बाय” का आलं?

त्यांचे जुने मेल चाळताना ते सापडलं. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी एका पार्टीला लिहिलं होतं, “प्लीज सेंड द इनव्हॉइस टिल फ्रायडे.” हे चूक. “शुक्रवारपर्यंत इनव्हॉइस पाठवत राहा” असा काहीसा विचित्र अर्थ त्यातून निघतो. ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी ते पाहिलं आणि जाता जाता सांगितलं, “टिल नाही, बाय लिहायचं.” ताईंनी ते वहीत टिपलं. वही मी पाहिली आहे. “टिल” लाल पेनाने खोडलेलं, शेजारी “बाय”, खाली दोन रेघा. त्या दिवसापासून त्यांनी एकाही मेलमध्ये “टिल” लिहिलं नाही. “रेट इज व्हॅलिड बाय ३०”, “आय विल बी ऑन लीव्ह बाय थर्सडे”, सगळीकडे “बाय”. त्यांच्या सुट्टीच्या मेलवर तर कोणी विचारलंही होतं, “तुम्ही गुरुवारी जाताय की गुरुवारी येताय?” तेव्हा ते टायपिंगच्या घाईवर गेलं.

दुरुस्ती बरोबर होती, सांगणाऱ्याचा हेतूही चांगला होता. ती एका वाक्यापुरती होती, आणि ताईंच्या हाती ती नियम म्हणून पडली. “सेंड” होतं म्हणून “बाय” आलं, हे कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा वर्षानुवर्षं वह्यांवर असंच करत आले आहे. एक शब्द खोडायचा, वर दुसरा लिहायचा, पान उलटायचं. त्या वहीतल्या दोन रेघा पाहिल्यापासून ते थांबवलं. आता प्रिपोझिशन बदललं की ज्या क्रियापदामुळे बदललं त्याच्याभोवती गोल करते. वेळ जास्त लागतो. लागू दे.

गाळलेल्या जागांनी काय साधलं

पहिले तीन आठवडे मी त्यांना नेहमीच्या पद्धतीने शिकवलं. इन, ऑन, ॲटचा कागद दिला. आपण ठाण्यात बसलोय म्हणून ठाण्याच्याच गोष्टीवर वाक्यं केली. पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, अंतर ३४ किलोमीटर, सोबत ४०० च्या आसपास पाहुणे. हे सगळ्यांना माहीत असतं. तर मग इन १८५३, इन एप्रिल, ऑन १६ एप्रिल, ऑन सॅटर्डे, फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे. हा भाग मराठी माणसाला तसा जड जात नाही, कारण आपल्याकडेही वेळेनुसार रूपं बदलतात: पाच वाजता, शनिवारी, एप्रिलमध्ये. तीन जागांना तीन रूपं. त्यांच्यासमोर ॲट, ऑन, इन ठेवले की सहज बसतात. “रात्री”ला मात्र “ॲट नाइट” आणि “सकाळी”ला “इन द मॉर्निंग”, हे पाठच करावं लागतं.

जागेचं थोडं वेगळं. “ठाण्याला राहतो” आणि “ठाण्याला जातो” यांत आपल्याला एकच “ला” पुरतो. इंग्रजीत पहिल्याला “इन ठाणे”, दुसऱ्याला “टू ठाणे”, आणि “ठाणे स्टेशनवर भेटू” म्हटलं तर “ॲट ठाणे स्टेशन”. तिथे “वर” आहे म्हणून “ऑन” लावलं तर आपण छतावर भेटणार की काय, असं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात वीस गाळलेल्या जागांची चाचणी घेतली. ताईंच्या अठरा बरोबर आल्या. मला आनंद झाला. त्याच आठवड्यातले त्यांचे ऑफिसचे मेल पाहिले आणि तो आनंद टिकला नाही. चुका होत्या तिथेच होत्या.

यावर मी बरेच दिवस विचार केला. गाळलेली जागा दिसते, म्हणूनच ती भरता येते. रेघ ओढलेली असते, इथे काहीतरी हवं आहे हे कळतं, मन तिथे थबकतं. मेल लिहिताना रेघ नसते. लक्ष मालावर, तारखेवर, समोरच्याच्या मर्जीवर असतं आणि प्रिपोझिशन हातातून आपोआप उतरतं. दुसरी अडचण त्याहून मोठी. जिथे काहीच नको असतं तिथली चूक गाळलेल्या जागेने कधीच पकडता येत नाही. ताईंच्या मेलमध्ये अशी वाक्यं पुन्हा पुन्हा येत होती: “ट्रक रीच्ड टू गोडाउन”, “वी डिस्कस्ड अबाउट रेट”, “आय आस्क्ड टू ड्रायव्हर”. तिन्हीकडे मधला शब्द काढून टाकायचा आहे. गोदामाला पोहोचला, रेटबद्दल चर्चा केली, ड्रायव्हरला विचारलं. मराठीत नामाला काहीतरी चिकटल्याशिवाय ते वाक्यात नीट उभं राहत नाही, म्हणून इंग्रजीतही काहीतरी लावलं जातं. पण रीच, डिस्कस, आस्क ही क्रियापदं आपलं कर्म थेट घेतात. जिथे रिकामं सोडायचं तिथे रेघ कशी ओढणार?

मी ते कागद बाजूला ठेवले. ताईंना सांगितलं, उद्यापासून पुस्तक नको, तुमचेच मेल आणा. पाठवून झालेले, नावं झाकून.

‘राहील’ की ‘होईल’

त्या मेलांतली “पर्यंत”ची वाक्यं आम्ही वेगळी काढली. मग मी त्यांना इंग्रजी बाजूला ठेवून आधी मराठीत बोलायला सांगितलं. भिवंडीच्या मेलचं वाक्य त्यांनी म्हटलं, “गोदाम सोमवारपर्यंत बंद राहील.” मी विचारलं, “आणि सोमवारपर्यंत बंद होईल, असं म्हटलं तर?” त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ते वेगळं. होईल म्हणजे अजून उघडं आहे.” त्या क्षणी त्यांना स्वतःलाच दिसलं की कोइमतूरला काय पोहोचलं होतं.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. “मराठीत हा फरकच नाही” असं आपण म्हणतो, आणि ते खरं नाही. इंग्रजीने जो फरक “बाय” आणि “टिल”मध्ये ठेवला, तो मराठीने क्रियापदात ठेवला आहे. राहणं, थांबणं, चालणं, टिकणं, वाट बघणं, उघडं असणं, या गोष्टी ताणल्या जातात, त्या वेळेपर्यंत चालू असतात. त्यांना “टिल” किंवा “अंटिल”. पोहोचणं, पाठवणं, भरणं, संपणं, कळवणं, या एकदा घडतात आणि त्या वेळेच्या आत घडायला हव्यात. त्यांना “बाय”. ताईंना हा फरक लहानपणापासून येत होता. प्रिपोझिशनमध्ये शोधत होत्या म्हणून सापडत नव्हता.

यावरून एक कसोटी तयार झाली. ती माझी नाही, ताईंनीच काढली. “पर्यंत”च्या जागी “च्या आत” ठेवून बघायचं. “पाचपर्यंत पेमेंट करा”, “पाचच्या आत पेमेंट करा”: चालतं, म्हणून “बाय फाइव्ह”. “पाचपर्यंत थांबा”, “पाचच्या आत थांबा”: कानाला खटकतं, म्हणून “टिल फाइव्ह”. “रेट तीस तारखेपर्यंत लागू”: “तीसच्या आत लागू” होत नाही, म्हणून “व्हॅलिड टिल”. “उद्यापर्यंत कळवते”: “उद्याच्या आत कळवते” बसतं, म्हणून “बाय टुमॉरो”. त्यांच्या जुन्या मेलांतली वाक्यं आम्ही या चाळणीतून काढली. त्या मोठ्याने म्हणत होत्या आणि समोरच्या बाकावरची मुलं मान डोलवत होती.

एका संध्याकाळी वर्गातल्या एका तमिळ भाषक मुलाने सांगितलं की त्यांच्याकडे यासाठी दोन वेगळी रूपंच आहेत. “सोमवारपर्यंत” म्हणायला “वरै” लावतात आणि “सोमवारच्या आत” म्हणायला “क्कुळ्”, ज्याचा मूळ अर्थच “आत” असा. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कोइमतूरच्या ऑफिसातल्या माणसाने “बाय” वाचून मनात “क्कुळ्” लावलं असणार आणि त्याला गोंधळायला जागाच उरली नसणार. आपली “च्या आत” आणि त्यांची “क्कुळ्” ही एकाच कल्पनेतून आलेली रूपं आहेत. दोन्ही टोकांना फरक स्पष्ट होता, आणि मधल्या इंग्रजीत तो हरवला.

नकाराचा पेच

कसोटी मिळाली म्हणून काम संपलं नाही. आठवडाभराने ताई एक वाक्य घेऊन आल्या जे तिच्यात बसत नव्हतं: “सोमवारपर्यंत माल येणार नाही.” इथे “सोमवारच्या आत येणार नाही” हेही नीट बसतं. मग “द गुड्स विल नॉट कम बाय मंडे” लिहायचं का?

प्रश्न चांगला होता, आणि मला फळ्यासमोर उभं राहून विचार करावा लागला. नकार आला की एकदा घडणारी गोष्टसुद्धा ताणली जाते. “येणं” एका क्षणाचं, पण “न येणं” चालूच राहतं. शनिवारी न येणं, रविवारी न येणं, आणि सोमवारी ते संपणं. म्हणून इंग्रजी इथे “टिल” घेतं: “द गुड्स विल नॉट कम टिल मंडे”, म्हणजे सोमवारी येईल, त्याआधी नाही. “नॉट बाय मंडे” लिहिलं तर अर्थ सरकतो: सोमवार ही मुदत पाळली जाणार नाही, पुढे कधी ते सांगता येत नाही. पहिल्या वाक्यात आश्वासन आहे, दुसऱ्यात माफी. डिस्पॅचच्या टेबलावर हा फरक फार मोठा आहे. पहिलं वाचून पार्टी सोमवारी टेम्पो लावेल, दुसरं वाचून फोन लावेल.

ताईंनी वहीत लिहिलं: नाही असेल तर आधी थांब. त्यांच्या शब्दांतला हा नियम माझ्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त कामाला आला.

आणखी एक गोष्ट उरतेच. “टिल मंडे” बरोबर लिहिलं तरी सोमवार धरायचा की नाही? मराठीतही “सोमवारपर्यंत बंद” या पाटीसमोर माणसं हाच प्रश्न विचारतात. अमेरिकन इंग्रजीत “थ्रू मंडे” म्हटलं की सोमवार आत धरला जातो, पण आपल्याकडे ते रुळलेलं नाही. म्हणून मी ताईंना सांगितलं, सुट्टीच्या मेलमध्ये बंद कधीपर्यंत यावर थांबू नका, उघडणार कधी तेही लिहा. “विल ओपन ऑन ट्यूसडे” यात कोणाचीही फसगत होत नाही. शंका असेल तेव्हा वाक्यच बदलून टाकावं. प्रिपोझिशनशी झुंजत बसण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो.

बाकीची मंडळी

“पर्यंत”वर आम्ही दोन महिने काढले, बाकीचं त्यामानाने लवकर उरकलं, कारण ताईंना आता क्रियापदाकडे बघायची सवय लागली होती.

“पासून”चा घोटाळा सगळ्या महाराष्ट्राचा आहे. “नऊ वर्षांपासून इथे आहे”चं “सिन्स नाइन इयर्स” होतं. “सिन्स”ला सुरुवातीचा बिंदू हवा, सिन्स २०१५, सिन्स मंडे. लांबी सांगायची असेल तर “फॉर नाइन इयर्स”. आणि दोन्हीकडे क्रियापद “हॅव बीन वर्किंग” असं, नुसतं “आय ॲम वर्किंग” नाही. ताई लिहिताना हे चुकत नाहीत, बोलताना अजून चुकतात.

“ने”चंही असंच. “ट्रकने पाठवला” इथे “बाय ट्रक”, “कटरने कापला” इथे “विथ अ कटर”: वाहन किंवा मार्ग असेल तर बाय, हातातलं हत्यार असेल तर विथ. माल “ऑन द ट्रक”, ड्रायव्हर “इन द ट्रक”. प्रवासी लोकलमध्ये “ऑन द ट्रेन” असतो, रिक्षात “इन”. उभं राहून चालता येतं त्या वाहनाला बहुधा “ऑन” लागतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

“शी”बद्दल थोडं रेंगाळते, कारण मला स्वतःला ते फार आवडतं. आपण मित्राशी बोलतो आणि शत्रूशीही लढतो, दोन्हीकडे “शी”. इंग्रजी “विथ”चंही तसंच आहे: टॉक विथ, फाइट विथ. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ “विरुद्ध” असा होता आणि “विथस्टँड”, म्हणजे टिकाव धरणं, या शब्दात तो अजून शिल्लक आहे. पुढे तो “सोबत”वर आला. प्रिपोझिशनला स्वतःचा ठाम अर्थ नसतो, शेजारच्या शब्दाकडून तो मिळतो, हे सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. म्हणूनच “विथ म्हणजे शी” असं पाठ केलेला माणूस “मॅरीड विथ” म्हणतो. इंग्रजीत लग्न “टू” होतं.

ताई आता शब्दकोश वेगळ्या तऱ्हेने उघडतात. आधी “बाय” आणि “विथ” शोधायच्या आणि वीस अर्थ पाहून मिटून ठेवायच्या. आता क्रियापद शोधतात आणि त्याच्या उदाहरणांत पुढे काय आलंय ते बघतात. परभाषकांसाठीचे इंग्रजी कोश याच कारणासाठी उपयोगी पडतात. त्यांच्यातल्या अग्रगण्य कोशाचे कर्ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा कोश प्रथम १९४२ मध्ये टोकियोत निघाला. जपानीतही आपल्यासारखंच नामाच्या मागे चिकटणारे शब्द असतात. तिथल्या विद्यार्थ्यांना कोणतं क्रियापद पुढे काय मागतं हे दाखवावं लागलं, आणि ते आपल्यालाही लागू पडलं.

पुढे काय झालं

त्या सप्टेंबरच्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर असे दोघं होते. मानकोली नाक्याजवळच्या ढाब्यावर त्यांची जेवणाची सोय झाली, पण सणाच्या दिवशी परक्या गावात गेटबाहेर बसून राहायचं हे ताईंच्या मनातून जाईना. रविवारी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन व्हायच्या आधी त्यांनी भाऊजींना बाइकवर पाठवलं, डब्यात उकडीचे मोदक आणि वरणभात देऊन. ड्रायव्हरने मोदक बघून “कोळुक्कट्टै” म्हटलं. तो शब्द ताईंनी त्याच वहीत लिहून ठेवलाय, शेवटच्या पानावर.

जानेवारीत शेठनी त्यांचे मेल दाखवायची पद्धत बंद केली. ताईंनी मागणी केली नव्हती. नवीन मुलानेच सांगितलं की हल्ली तो त्यांना मेल दाखवतो. नकाराच्या वाक्यांत तो अजून चुकतो.

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी बुधवारी आली, २७ ऑगस्टला. त्या वर्षीचा मेल ताईंनी मला पाठवला, तपासायला नाही, नुसता बघायला. इंग्रजी त्यांचंच, मी एक अक्षर बदललं नाही:

“अवर भिवंडी गोडाउन विल रिमेन क्लोज्ड फ्रॉम वेन्सडे, २७ ऑगस्ट टू फ्रायडे, २९ ऑगस्ट, बोथ डेज इन्क्लुडेड. वी विल रिसीव्ह गुड्स अगेन ऑन सॅटर्डे, ३० ऑगस्ट, फ्रॉम ९ इन द मॉर्निंग. इफ युअर ट्रक विल नॉट रीच अस बाय ट्यूसडे इव्हनिंग, प्लीज डू नॉट डिस्पॅच इट टिल थर्सडे.”

मी त्यांना फोन केला आणि विचारलं, कोइमतूरसाठी गुरुवारच का? म्हणाल्या, “गुरुवारी निघाला तर शनिवारी रात्री किंवा रविवारी पोहोचतो. रविवारी सुपरवायझरला बोलावून घेतलंय. मॅडम, ‘रिमेन’ लिहिलंय बघितलंत ना? म्हणजे ‘राहील’.”

कोइमतूरहून उत्तर आलं होतं. एका ओळीचं. ट्रक गुरुवारी संध्याकाळी निघेल, आणि सोबत गणपतीच्या शुभेच्छा.